घासाघीस आणि ईमान

शाळेच्या गणिताच्या पुस्तकात नफा-तोट्याचा एक धडा असतो. दुकानदाराने एक वस्तू इतक्याला घेतली, तितक्याला विकली, तर शेकडा नफा किती? मुले सूत्र पाठ करतात, उत्तर काढतात, गुण मिळवतात. उर्दू माध्यमाच्या वर्गात आम्ही त्यालाच नफा-नुकसान म्हणतो, गणित तेच. पण या धड्यात एक प्रश्न कधीच विचारला जात नाही. घेणाऱ्याने ज्या भावाला वस्तू घेतली तो भाव रास्त होता का? देणाऱ्याने तो राजीखुशीने मान्य केला, की त्याची काही अडचण होती? हा प्रश्न गणिताचा नव्हे, हे खरे. मग तो कोणाचा? नीतिशिक्षणाच्या तासाला आपण खोटे बोलू नये, चोरी करू नये असे शिकवतो. भाव करणे हे या दोहोंच्या मधल्या जागेत येते. ते खोटेही नाही आणि चोरीही नाही, निदान आपण तसे समजतो.

आपल्या रोजच्या वागण्याकडे पाहिले तर एक विचित्र गोष्ट दिसते. टोपली घेऊन दारात आलेल्या भाजीवालीशी आपण दोन-पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. तेच आपण वातानुकूलित दुकानात छापील किमतीला, एक अवाक्षर न काढता, पैसे मोजतो. सोनाराकडे सोन्याचा दर निमूट मान्य करतो आणि घडणावळीवर मात्र अडून बसतो. म्हणजे घासाघीस कुठे करायची आणि कुठे नाही, याचा काही विचारपूर्वक केलेला नियम आपल्यापाशी नाही. जिथे समोरचा वाकेल असे वाटते तिथे आपण त्याला वाकवतो. जिथे वाकणार नाही तिथे आपण वाकतो. हा नियम व्यवहाराचा असेल, नीतीचा खचित नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही मुद्दाम गाडीच्या खरेदीचे उदाहरण घेत आहोत. गाडी म्हणजे रोजीरोटीची रिक्षा-टेंपो नव्हे. सुट्टीत बायकामुलांना घेऊन समुद्रावर जावे, नातेवाइकांच्या लग्नाला जावे, अशी हौसेची आणि सहलीची गाडी. तिच्यावाचून कोणाचे अडत नाही. म्हणूनच तिच्या सौद्यात माणसाचा स्वभाव उघडा पडतो. पोट भरण्यासाठी केलेल्या घासाघिशीला गरजेचा आधार असतो, हौसेच्या वस्तूसाठी केलेल्या घासाघिशीला तो नसतो.

नवी गाडी घ्यायला गेलेल्या माणसाला एक किंमत सांगितली जाते, तिला एक्स-शोरूम म्हणतात. तिच्यावर आरटीओचा कर, नोंदणी, विमा आणि अनेक ठिकाणी हाताळणी किंवा तत्सम नावाची एखादी रक्कम चढते. शिवाय सीट कव्हर, पायपुसण्या, वाढीव हमी. या सगळ्याची बेरीज म्हणजे रस्त्यावरची किंमत. यात सरकारी कर कमी होत नाही, पण बाकीच्या कलमांत पुष्कळ जागा असते. विमा त्याच दुकानातून घ्यावा असे बंधन नसते. पायपुसण्या बाजारात निम्म्या दरात मिळू शकतात. महिनाअखेरीस विक्रेत्याला आपला आकडा पुरा करायचा असतो. डिसेंबर उलटला की गाडी कागदोपत्री एका वर्षाने जुनी होते, म्हणून वर्षअखेरीस सूट वाढते. हे ज्याला ठाऊक आहे तो काही हजार वाचवतो. ज्याला ठाऊक नाही तो तेवढेच जास्त देतो, आणि वर मिठाईचा पुडाही त्यालाच द्यावा लागतो.

अमेरिकेत तर चालतेफिरते घरच विकत मिळते. त्यात झोपायला बिछाना, स्वयंपाकाची ओटी, न्हाणीघर असे सगळे असते. इंडियाना राज्यातले एल्खार्ट हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या गाड्यांवर कारखानदाराने सुचवलेली किंमत लिहिलेली असते, पण जाणकार गिऱ्हाईक ती किंमत देत नाही. घासाघीस होणार हे धरूनच तो आकडा लिहिलेला असतो. जो भोळा माणूस तोच आकडा खरा मानतो, तो शेजारच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या तशाच गाडीच्या मालकापेक्षा कितीतरी जास्त देऊन बसतो. श्रीमंत देश असो की आपला तालुका, सौद्याची रीत फारशी बदलत नाही.

जुन्या गाडीच्या बाबतीत गुंता अधिक आहे, कारण दोन जुन्या गाड्या कधीच सारख्या नसतात. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराविषयी एक छोटा पण गाजलेला निबंध लिहिला. त्याचे म्हणणे सोपे होते. गाडीत काय दोष आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतो आणि भाव पाडून मागतो. त्या पडलेल्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठून जातो. मागे उरतात त्या खराब गाड्या. या विषयावरील कामासाठी अकरलॉफला २००१ साली दोन सहकाऱ्यांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या दृष्टीने या निबंधातला धडा नीतीचा आहे. एकाच्या लबाडीची किंमत दुसरा प्रामाणिक माणूस मोजतो. किलोमीटरचा काटा मागे फिरवणारा फक्त आपल्या गिऱ्हाइकाला फसवत नाही. ज्याने काटा फिरवलेला नाही त्याच्या गाडीचा भावही तो पाडतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घासाघीस म्हणजे खोटे बोलणे आहे का? विकणारा तीन लाख सांगतो आणि मनात अडीचला तयार असतो. घेणारा दोन लाख म्हणतो आणि मनात अडीचला तयार असतो. दोघेही मनात असलेला आकडा लपवतात. आमच्या मते हे खोटे नव्हे. तीन लाख हा विकणाऱ्याने मांडलेला प्रस्ताव आहे, ते काही विधान नव्हे. तो प्रस्ताव आहे हे दोघांनाही ठाऊक असते. पण तोच विकणारा जेव्हा म्हणतो की माझी खरेदीच पावणेतीनची आहे, किंवा काल एकजण दोन ऐंशी देऊन जात होता, तेव्हा तो प्रस्ताव राहत नाही. ती खबर होते, आणि खबर खरी किंवा खोटीच असू शकते. घेणाऱ्यालाही हेच लागू आहे. मला एवढेच परवडते, हे खरे असेल तरच म्हणावे. दुसरीकडे याहून स्वस्त मिळते, असे म्हणायचे तर ते खरोखर मिळत असले पाहिजे.

इस्लामी फिकहने ही सीमारेषा फार पूर्वी आखून ठेवली आहे. खरेदी किमतीचा उल्लेख न करता केलेल्या सौद्याला मुसावमा म्हणतात. त्यात घासाघीस मोकळी आहे. विकणारा जेव्हा आपली खरेदी सांगून त्यावर ठराविक नफा मागतो, तेव्हा तो सौदा मुराबहा होतो. तिथे खरेदीचा आकडा तंतोतंत खरा सांगणे बंधनकारक आहे. म्हणजे आपला आकडा सांगू नका, याची सवलत आहे, पण सांगायचाच तर खोटा सांगू नका. खोटे गिऱ्हाईक उभे करून भाव चढवणे याला नज्श म्हणतात, आणि त्याची स्पष्ट मनाई आहे. मालातला दोष झाकण्याचीही मनाई आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओला लागला, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. जुन्या गाडीच्या पत्र्याखालचा गंज रंगाने झाकणाऱ्याने ती हदीस आपल्यासाठीच आहे असे समजावे.

आपल्याकडच्या बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. आजूबाजूच्यांना आकडा कळत नसे. कोणी म्हणेल हा लपवाछपवीचा प्रकार आहे. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्याची नड आहे त्याने आपला बैल किती पडत्या भावात दिला हे चारचौघांत उघडे पडत नसे. लपवणे नेहमी वाईटच असते असे नाही. काय लपवले आणि कोणापासून लपवले, यावर ते अवलंबून आहे.

घासाघिशीच्या समर्थनार्थ सर्वांत मोठा दाखला हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या उंटाचा आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत हा प्रसंग आहे. जाबिर तरुण होते, नुकतेच लग्न झालेले. वडील उहुदच्या लढाईत शहीद झालेले, पाठीमागे बहिणी आणि कर्ज. एका मोहिमेवरून परतताना त्यांचा थकलेला उंट मागे पडत होता. प्रेषितांनी तो विकत मागितला. जाबिर आधी तयार नव्हते. मग बोलणे झाले, किंमत ठरली आणि जाबिरनी एक अट घातली की मदीना येईपर्यंत उंटावर मीच बसेन. अट मान्य झाली. मदीनेत पोहोचल्यावर प्रेषितांनी ह. बिलाल (रजि.) यांच्याकरवी ठरलेली किंमत तोलून दिली, वर थोडे जास्त दिले आणि जाबिर निघाले तेव्हा उंटही परत करून टाकला.

या प्रसंगावरून विद्वानांनी अनेक मसले काढले आहेत. आम्हाला त्यात एक साधी गोष्ट दिसते. सौदा सौद्यासारखा झाला. किंमत विचारली गेली, नकार दिला गेला, अट घातली गेली. मदत करायची होती म्हणून सौद्याला नाटक म्हणून उरकले नाही, आणि जाबिरच्या हातात भीकही ठेवली नाही. आधी त्यांना विक्रेत्याचा मान मिळाला, मग देणगी मिळाली. आपण बहुधा याच्या उलटे करतो. सौद्यात गरिबाची पिळवणूक करतो आणि वाचलेल्या पैशांतून रमजानमध्ये त्यालाच खैरात देतो.

दुसरा दाखला ह. जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचा. त्यांच्या नोकराने त्यांच्यासाठी तीनशे दिरहमला घोडा ठरवला. जरीरनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले की तुझा घोडा तीनशेहून अधिक मोलाचा आहे, चारशेला देतोस का? असे करत करत त्यांनी स्वतःच किंमत आठशेपर्यंत नेली. कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतण्याची शपथ आपण प्रेषितांसमोर घेतली आहे. घेणाऱ्यानेच भाव वाढवला, हे आजच्या बाजारात वेडेपणाचे वाटेल. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की जरीर यांनी हा सर्वांसाठी कायदा म्हणून सांगितलेला नाही. हा एहसान आहे, म्हणजे कायद्याच्या पलीकडचे चांगुलपण. कायदा ही जमीन आहे, तिच्याखाली जाता येत नाही. तिच्यावर किती उंच चढायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे.

मग ही जमीन कुठे आहे? एकोणिसाव्या शतकात, १८६९ ते १८७६ या काळात, उस्मानी राज्यात हनफी फिकहच्या आधारे व्यवहाराचा एक कायदा कलमवार लिहिला गेला. त्याला मजल्ला म्हणतात. तो आपल्या देशात लागू नव्हता आणि नाही. पण त्यातला विचार उपयोगी आहे. सौद्यात होणाऱ्या मोठ्या नुकसानीला तिथे गब्न-ए-फाहिश म्हटले आहे, आणि त्याची मापेही दिली आहेत. सामानसुमानात विसावा हिस्सा, जनावरांत दहावा हिस्सा, घर-जमिनीत पाचवा हिस्सा. म्हणजे रास्त किमतीपेक्षा एवढा फरक पडला तर तो उघड अन्याय. मात्र पुढचे कलम आणखी महत्त्वाचे आहे. फरक मोठा असला तरी फसवणूक झाली नसेल तर सौदा मोडता येत नाही. मोठ्या माणसाने आपला माल आपल्या खुशीने स्वस्तात दिला तर ती त्याची मर्जी. याला अपवाद यतीमाच्या मालाचा. वक्फ आणि सरकारी खजिन्याचा मालही त्यातच धरला आहे. तिथे फसवणूक नसली तरी एवढ्या फरकाचा सौदा वैध ठरत नाही, कारण ज्याचा माल आहे तो स्वतः बोलू शकत नाही.

हे सगळे ग्रंथातले वाटेल, म्हणून आमच्याच अनुभवातली एक हकीकत सांगतो. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही पाच शिक्षकांनी भिशीचे पैसे एकत्र करून एक जुनी नऊ आसनी गाडी घ्यायचे ठरवले. पाचही कुटुंबांनी आळीपाळीने वापरायची, दापोली-हर्णेला जायचे, असा बेत. तालुक्याच्या गावी एक गाडी असल्याचे कळले. मालक आखातात नोकरीला होते, परत येऊन त्यांनी हौसेने गाडी घेतली होती आणि वर्षभरापूर्वी त्यांचे निधन झाले होते. घरात पत्नी आणि तीन मुले, तिन्ही अज्ञान. भाभींनी गाडीची किंमत एक लाख साठ हजार सांगितली. ही किंमत त्यांना कोणी सांगितली होती ते आम्ही विचारले नाही. आमच्याबरोबर आलेल्या मिस्त्रींनी इंजिन पाहिले, सर्व्हिसची कागदपत्रे पाहिली, खालून पत्रा ठोकून पाहिला आणि बाजूला नेऊन सांगितले की ही गाडी बाजारात दोन लाखांना हसत जाईल, ताबडतोब बयाणा द्या.

त्या संध्याकाळी आम्हा पाचजणांत जो वाद झाला तो आम्ही विसरलो नाही. एक म्हणाले, किंमत त्यांनी सांगितली, आपण नाही. आपण एक शब्द खोटा बोललो नाही. त्यांच्या अज्ञानाला आपण जबाबदार नाही. बाजारात रोज हेच होते, आणि आपण काही शेठसावकार नव्हे, पगारावर जगणारी माणसे आहोत. दुसरे म्हणाले, कुरआनने परस्परांच्या रजामंदीने व्यापार करायला सांगितले आहे. पण ज्याला आपल्या मालाची किंमतच ठाऊक नाही त्याची रजामंदी कसली? तिसऱ्यांनी विचारले, मग प्रत्येक दुकानदाराला तुम्ही त्याचा माल किती किमतीचा आहे ते शिकवत फिरणार का? रविवारच्या जुन्या बाजारात दुर्मीळ पुस्तक वीस रुपयांना मिळाले तर तुम्ही त्याला दोनशे देता का?

हा शेवटचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याचा तो धंदाच आहे. माल ओळखणे ही त्याची विद्या आहे, आणि आपले पारखणे ही आपली. दोघेही त्या मैदानात समजून उतरलेले असतात. त्या भाभी मैदानात उतरलेल्या नव्हत्या, त्यांना ढकलले गेले होते. आणि हिशेब आणखी एका बाजूने पाहा. मालक वारल्यानंतर ती गाडी एकट्या पत्नीची राहिलीच नव्हती. वारसाहक्काने तिच्यात तिन्ही मुलांचा हिस्सा होता. दोन लाखांच्या मालात चाळीस हजारांची तूट म्हणजे पाचवा हिस्सा. गाडीला सामान धरा की जनावर धरा, कोणत्याही मापाने ते मोठे नुकसान होते, आणि माल यतीमांचा होता. हा हिशेब कागदावर मांडल्यावर पाचापैकी चौघांना उत्तर दिसले. पाचवे गृहस्थ शेवटपर्यंत म्हणत राहिले की तुम्ही नीतीचा कीस काढता आहात.

आम्ही मिस्त्रींकडून गाडीची स्थिती आणि अंदाजे बाजारभाव एका कागदावर लिहून घेतला आणि तो भाभींच्या भावाकडे दिला. आणखी एका ठिकाणी विचारून घ्या, असेही सांगितले. आठ दिवसांनी ते म्हणाले की दोन लाखांच्या खाली देणार नाही. मग मात्र आम्ही घासाघीस केली, आणि मनापासून केली. दोन टायर झिजलेले होते, बॅटरी संपत आली होती, विम्याची मुदत महिन्याभरात संपणार होती. मालक हयात नसल्यामुळे आधी नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करणे आणि मग नमुना २९ व ३० भरून आमच्या नावावर घेणे, या दोन्हींची धावपळ आम्ही करणार होतो. एक लाख ब्याऐंशी हजारांवर सौदा झाला. जास्तीचे बावीस हजार उभे करण्यात त्या सुट्टीतली सहल हुकली. पाचवे गृहस्थ आपला हिस्सा काढून घेऊन बाजूला झाले. आमचे त्यांच्याशी भांडण नाही. पण ते आजही म्हणतात की तुम्ही चौघांनी माझ्या खिशातून सवाब कमावायला निघाला होता. या म्हणण्यातही तथ्याचा अंश आहे, कारण दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे ही काही मोठी कमाई नव्हे.

याचा अर्थ कोणी असा घेऊ नये की भाव करणे हे भल्या माणसाचे काम नाही. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात कमाईच्या प्रकरणात हा प्रश्न फार स्वच्छपणे सोडवला आहे. दुबळ्या किंवा गरीब माणसाकडून घेताना चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्यावेत, तो एहसान आहे. पण नफ्यासाठीच बसलेल्या श्रीमंत व्यापाऱ्याकडे जास्त पैसे देऊन येण्यात काही पुण्य नाही, ती पैशाची नासाडी आहे. इमाम हसन आणि हुसैन (रजि.) खरेदी करताना कसून भाव करीत आणि नंतर सढळ हाताने दानही करीत, असेही गझालींनी नोंदवले आहे. देणारा आपल्या मर्जीने देतो, पण फसणारा आपली अक्कल गमावतो, असा त्याचा आशय आहे. शोरूममध्ये संकोचाने गप्प बसून हजारो रुपये जास्त देणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय बांधवांनी हे ध्यानात घ्यावे. ते पैसे घरच्यांच्या हक्काचे असतात. तीन ठिकाणी दर विचारणे, प्रत्येक कलम वेगळे लिहून मागणे, विम्याचा दर बाहेर पाहणे आणि पटले नाही तर सलाम करून उठणे, यात अप्रामाणिक काहीच नाही. उठून जाण्याची तयारी ही गिऱ्हाइकाची सर्वांत सच्ची ताकद आहे, कारण तिच्यात एकही शब्द खोटा बोलावा लागत नाही.

मग घासाघीस बंदच करून सर्वांना एक भाव ठेवला तर? हा विचार जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथीयांनी एकच भाव सांगायचा आणि त्यालाच विकायचे असे व्रत घेतले, कारण चढवून सांगितलेला भाव त्यांना असत्य वाटे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात अशा दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे, ज्याच्याकडे लहान मूलही मोठ्यांच्याच भावात वस्तू घेऊ शकते. कांटचा प्रश्न बोचरा आहे. तो दुकानदार हे कर्तव्य म्हणून करतो, की गिऱ्हाईक टिकावे म्हणून? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आपण नियत म्हणतो ती हीच गोष्ट.

एक भावाच्या बाजूने सर्वांत सबळ पुरावा मात्र अमेरिकेतून आला. इयान एअर्स या कायद्याच्या प्राध्यापकाने १९९१ साली शिकागो परिसरातल्या गाडीविक्रेत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या माणसांना एकसारखेच बोलणे शिकवून नव्या गाडीचा भाव करायला पाठवले. गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी भाव मिळाला. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना त्याच गाडीचा, त्याच बोलण्यावर, जास्त भाव सांगितला गेला. म्हणजे घासाघीस ही नुसती हुशारीची परीक्षा नसते. समोरच्याला तुमच्याविषयी आधीपासून काय वाटते, याचीही किंमत तीत मिसळलेली असते. नाव सांगताच, दाढी-टोपी किंवा बुरखा पाहताच घराचे भाडे किंवा वस्तूचा भाव बदलल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पण मग आपणही आपल्या दुकानात, समोरच्याची जात, भाषा, कपडे पाहून भाव बदलतो का, हे तपासायला नको का?

तरीही एक भाव म्हणजे रास्त भाव असेही नाही. छापील किंमत ही कमाल मर्यादा असते, ती न्यायाची हमी नव्हे. मदीनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी प्रेषितांना भाव ठरवून देण्याची विनंती केली, पण त्यांनी ती मानली नाही. कोणावरही अन्याय केल्याचा दावा घेऊन अल्लाहसमोर जाऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. भाव बाहेरून लादला तर घेणारा किंवा देणारा, कोणीतरी चिरडला जाऊ शकतो. म्हणून भाव मोकळा ठेवला आणि जबाबदारी दोघांच्या अंतःकरणावर टाकली. ही जबाबदारी कायद्यापेक्षा जड आहे.

ती पेलायची कशी? आम्हाला तीन प्रश्न उपयोगी वाटतात. पहिला, मी जे सांगितले ते प्रस्ताव होते की खबर, आणि खबर असेल तर ती खरी होती का? दुसरा, समोरचा माणूस या मैदानात समजून उतरला आहे, की नडीने, अज्ञानाने किंवा दुःखाने त्याला इथे आणले आहे? तिसरा, सौदा झाल्यावर मला ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट त्याला कळली, तर तो पुढच्या जुम्म्याला माझ्याशी पूर्वीसारखाच हात मिळवील का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर तो सौदा हरामाच्या कक्षेत जातो. दुसऱ्या-तिसऱ्याचे तसे असेल तर कायदा आपल्याला कदाचित सोडून देईल, पण बरकतीची अपेक्षा मग आपण करू नये. घेणारा आणि देणारा खरे बोलले आणि दोष उघड केले तरच सौद्यात बरकत आहे, लपवले तर ती पुसली जाते, असा हदीसचा आशय आहे.

बाजारभाव रोज बदलतो. आज दोन लाखांची असलेली गाडी पाच वर्षांनी भंगारात जाते. पण छोट्या गावात घेणारा आणि देणारा यांची भेट रोज होत राहते. दुकानात होते, दवाखान्यात होते, शाळेच्या पालकसभेत होते. त्या तीन मुलांपैकी धाकटी मुलगी यंदा आमच्या शाळेत आहे. नफा-तोट्याचा धडा तिच्या वर्गाला लवकरच शिकवायचा आहे. त्या तासाला आम्ही पुस्तकातल्या उदाहरणांनंतर फळ्यावर एक प्रश्न जास्तीचा लिहिणार आहोत, ज्याचे उत्तर शेकड्यात येत नाही.